सुफळ संपूर्ण

श्रावणातल्या दर शुक्रवारी आमच्या घरी सासूबाई जिवतीच्या कागदापुढे निरांजन लावतात, सर्वांच्या हातांवर अक्षता ठेवतात आणि कहाणी वाचतात. गेल्या श्रावणात तिसरीत शिकणारी माझी धाकटी मुलगी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसून राहिली. आटपाट नगरातून निघालेली कहाणी ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या शब्दांपाशी आली, सासूबाईंनी पोथी मिटून कपाळाला लावली, आणि मुलीने विचारले, “आजी, आता पुढची कधी लागणार?”

“पुढची नाही गं, झाली. संपूर्ण म्हणजे झाली. आता अक्षता वाहायच्या, नमस्कार करायचा आणि फुटाणे खायचे.”

सासूबाईंना त्या प्रश्नात काही वेगळे जाणवले नाही. माझ्या मनात मात्र तिचा ‘लागणार’ हा शब्द रुतून बसला. एक गोष्ट संपताच कोणी काही न करता दुसरी आपोआप लागते, हा या मुलीच्या आजवरच्या ऐकण्या-पाहण्याचा नियम होता. गोष्टीला शेवट असतो, तो सांगणारा माणूस मोठ्याने उच्चारतो आणि त्यानंतर ऐकणाऱ्याने उठायचे असते, हे तिने त्या दिवशी नव्याने पाहिले. मुलांनी मोबाइल किती वेळ वापरावा, कोणता वापरावा, कोणत्या वयात द्यावा, याविषयी मी आई म्हणून आणि १८ वर्षे शाळेत शिकवणारी शिक्षिका म्हणून पुष्कळ बोलले आहे. परंतु मुलांना थांबायला कसे शिकवावे, हा खरा प्रश्न मला त्या शुक्रवारी स्पष्ट दिसला.

माझ्या लहानपणी थांबण्याची जबाबदारी आमच्यावर नव्हती. दूरदर्शनवर सातच्या मराठी बातम्या लागत आणि संपत. आठवड्याचा चित्रपट पाहून झाला की पुढच्या आठवड्यापर्यंत दुसरा नसे. रात्री प्रक्षेपण थांबले की पडद्यावर मुंग्या येत आणि वडील उठून बटण बंद करीत. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाला शेवटचे पान असे, अंगणातला खेळ अंधार पडला की मोडे. आम्ही काही विशेष संयमी होतो असे मला मुळीच वाटत नाही, कारण तसे असते तर उन्हाळ्याच्या सुटीत पत्त्यांचा डाव रात्री दोनपर्यंत चालला नसता. आमच्या भोवतीच्या वस्तूच मर्यादित होत्या आणि त्या मर्यादेलाच आम्ही आता स्वतःचा गुण म्हणून मुलांना ऐकवतो. हे मला अन्यायाचे वाटते.

आजच्या पडद्याची रचना नेमकी याच्या उलट आहे. बोट वर सरकवत राहावे आणि पान कधीच संपू नये, ही सोय आझा रस्किन या रचनाकाराने २००६ मध्ये तयार केली. वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा ‘पुढचे पान’ दाबावे लागू नये एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे समाजमाध्यमांनी तीच सोय माणसाला धरून ठेवण्यासाठी वापरली आणि खुद्द रस्किन यांनी आपल्या या निर्मितीबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपते तिथे माणूस क्षणभर थबकतो, मान वर करतो, तहान लागली आहे का, किती वाजले, हे त्याच्या ध्यानात येते. तो क्षणच काढून टाकला आहे. त्यात पुढच्या वेळी काय निघेल हे आधी कळत नाही. चार कंटाळवाण्या चित्रफितींनंतर पाचवी मनासारखी निघते आणि त्या पाचवीच्या आशेने पुढची पंधरा पाहिली जातात. सोडतीच्या तिकिटाचा नाद ज्या कारणाने सुटत नाही, तेच कारण इथेही आहे. अशा रचनेपुढे १० वर्षांचे मूल बसवून ‘तुला स्वतःला कळत नाही का?’ असे विचारणे म्हणजे उताराच्या रस्त्यावर ब्रेक नसलेली सायकल देऊन सावकाश चालव म्हणून सांगण्यासारखे आहे.

या सगळ्यात माझा वाटा काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि काही महिन्यांत मुलांचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. थोरला तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्यासाठी खाते उघडताना जन्मतारीख विचारली गेली. खरे साल टाकल्यावर पालकांच्या देखरेखीची लांबलचक प्रक्रिया समोर आली, आणि वर्ग सुरू व्हायला सात मिनिटे उरली होती. मी २०१२च्या जागी २००२ लिहिले. तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याने विचारले, “आई, मी अठरा वर्षांचा आहे का?” मी म्हटले, “इथं तसंच लिहायचं असतं.” मुलाच्या हाती इंटरनेट देताना मी त्याला दिलेला पहिला धडा खोटे बोलण्याचा होता, आणि त्या एका अंकामुळे ते यंत्र त्याला पुढची तीन वर्षे प्रौढ माणूस समजून जाहिराती आणि चित्रफिती दाखवीत राहिले. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून घेतलेली संमती असावी, त्यांच्या वागण्याचा माग काढू नये, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याचीच मनाई केली आहे. हे कायदे मला हवेसे वाटतात. पण ज्या घरात आईच जन्मसाल बदलून देते त्या घरापर्यंत ते पोहोचत नाहीत, हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केले आहे. आता ती तारीख मी दुरुस्त केली आहे. मुलाला समोर बसवून दुरुस्त केली आणि तेव्हा चुकीचे लिहिले होते, हेही त्याला सांगितले.

शाळा पुन्हा भरू लागल्या, पण मोबाइल काही घरी राहिला नाही. तो दप्तरात नसला तरी मुलांच्या बोलण्यात आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत रोज वर्गात येऊ लागला. मी मोबाइलवर वेळ बांधून देणारे ॲप बसवले. दिवसाला ४५ मिनिटे झाली की पडदा बंद. दीड महिना सारे सुरळीत चालले आहे असे मला वाटत होते. नंतर कळले की थोरल्याने मोबाइलचे घड्याळ मागे करून त्या ४५ मिनिटांना नवी ४५ मिनिटे जोडण्याची युक्ती शोधली होती. मी रागावले, आणि रागावतानाच मनातून थोडी चकित झाले, कारण त्याने ती युक्ती कोणाला न विचारता स्वतः शोधली होती. अशा ॲपचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. लहान मुलांसाठी तो कठडा आहे. मात्र कठड्याच्या भरवशावर चालायला शिकवता येत नाही.

याहून मोठी गोष्ट तो सहावीत असताना घडली आणि तिच्यामुळे आमच्या घराची वागणूक बदलली. सासऱ्यांच्या फोनवर तो एक खेळ खेळत असे. फोनवरून पैसे पाठवण्यासाठी सासऱ्यांना त्याचीच मदत लागे, त्यामुळे त्यांचा गुप्त क्रमांक त्याला पाठ होता. ही ढिलाई अर्थातच आमची, मोठ्यांची होती. खेळात हत्यारे आणि पोशाख विकत मिळत. ४० रुपये, ८० रुपये, पुन्हा ४०, असे करता करता १,८४० रुपये गेले. त्याने ते ११ दिवस लपवले. त्या दिवसांत तो नीट जेवत नव्हता, रात्री उठून पाणी पीत होता, आणि मी त्याला ‘परीक्षेचं टेन्शन आलंय का?’ असे विचारत होते. अखेर बँकेचा संदेश सासऱ्यांनी वाचून दाखवला तेव्हा तो रडत म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही मोबाइल काढून घेतला असता.”

पैशांचे मला फारसे वाटले नाही. त्या वाक्याचे वाटले. वर्गातल्या मुलींनी पूर्वी मला हेच सांगितले होते: कोणी घाणेरडा संदेश पाठवला, कोणी छायाचित्र मागितले, तरी घरी सांगता येत नाही, कारण दोष कोणाचाही असो, फोन आपलाच जातो. शिक्षेची ही एकच रीत आपल्याला ठाऊक असल्यामुळे मुले आपल्यापासून नेमके ते लपवतात जे आपल्याला सर्वांत आधी कळायला हवे. त्या रात्री आम्ही त्याला शब्द दिला की, जे आपणहून सांगितले जाईल त्यासाठी फोन काढून घेतला जाणार नाही. दुसरे काही भोगावे लागेल, पण फोन जाणार नाही. त्याने ते १,८४० रुपये आठ महिने खाऊच्या पैशांतून फेडले. सासऱ्यांनी गुप्त क्रमांक बदलला आणि तो एकट्याने वापरायला शिकले. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० आणि मूल संकटात असेल तर १०९८, हे दोन क्रमांक आमच्या फ्रिजच्या दारावर गॅस एजन्सीच्या क्रमांकाशेजारी चिकटवलेले आहेत. वर्गाच्या फलकाच्या कोपऱ्यातही मी ते दर सोमवारी लिहिते. गेल्या दोन वर्षांत तीन मुली माझ्याकडे आपणहून बोलायला आल्या.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लोकवस्ती सुमारे ३,०००, भोवती ऊस. या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो तोपर्यंत ते बंद राहतात. या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली, गावातल्या महिलांनी ती उचलून धरली, आणि सुरुवातीच्या काळात आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजूत घालत होते. पुढे देशभरातल्या वृत्तपत्रांनी आणि परदेशी वाहिन्यांनीही त्याची दखल घेतली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ एकच आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तरीही मला वडगावची रीत अधिक योग्य वाटते, कारण तो भोंगा वयाचा दाखला पाहत नाही. आजोबांचा टीव्ही, वडिलांचा फोन, आईची मालिका आणि मुलाचा खेळ, हे सारे एकाच आवाजाने थांबते. ‘तू ठेव’ असे कोणी कोणाला म्हणत नाही, सगळेच ठेवतात. शिवाय भोंग्याची वेळ पाहा. आपल्याकडे सातचा सुमार म्हणजे दिवेलागण. या वेळी बाहेरून आलेली मुले हातपाय धुऊन देवापुढे बसत, शुभंकरोति आणि पाढे म्हणत. त्यातला धार्मिक भाग ज्याला नको त्याने बाजूला ठेवावा, पण दिवस इथे संपला आणि संध्याकाळ इथे सुरू झाली, हे घरातल्या सर्वांना एकाच वेळी कळवणारी ती खूण होती. ती पुसली गेली होती. वडगावने ती भोंग्याने परत आणली.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाल्या त्या दिवसापासून आम्ही घरात हे करून पाहिले. आमच्याकडे भोंगा नाही. धाकटी देवघरातली घंटी वाजवते आणि हे काम तिने कोणालाही दिलेले नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीत जुना कोनाडा आहे, तिथे सात ते साडेआठ सर्व फोन राहतात. पहिले पंधरा दिवस कोणासाठी कठीण गेले असतील तर मोठ्यांसाठी. सासरे संध्याकाळी फोनवर कीर्तन ऐकत. त्यांना ते पाचच्या सुमारास न्यावे लागले आणि त्यांची नाराजी महिनाभर टिकली. पतींचा औषधांच्या पुरवठ्याचा व्यवसाय असल्यामुळे त्यांना फोन पूर्ण बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून तो वाजला तर उचलायचा, पण कोनाड्यापाशी उभे राहूनच बोलायचे आणि तिथेच ठेवून परत यायचे, असे ठरले. मुलांना मात्र पहिल्या आठवड्यात काय करावे हेच सुचत नव्हते. थोरला दारात उभा राहून रस्ता बघत असे. मी त्याला काही सुचवायला निघाले की सासूबाई मला हाताने थांबवीत. रिकाम्या वेळी मूल काही करत नसेल तर आपण लगेच काही हातात द्यावे, ही घाई मुळात आपली आहे, आणि मोबाइलही आपण पहिल्यांदा याच घाईने दिलेला असतो. आठव्या-नवव्या दिवशी त्याने माळ्यावरचा कॅरम काढून आणला.

सर्वांत मोठा अडथळा माझाच होता. मी वर्गशिक्षिका आहे आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठ टाकण्याची माझी वेळ संध्याकाळी साडेसातची होती. याचा अर्थ असा की, ज्या वेळी मी माझ्या मुलाच्या हातातून फोन काढत होते त्याच वेळी मी ५२ मुलांच्या हातात तो देत होते. पालक तक्रार करीत की, गृहपाठ बघायला म्हणून फोन घेतो आणि तासाभराने देतो. मी त्यांना मुलांकडे लक्ष द्या असे सांगत होते. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी आकडे आहेत: पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली मुले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. अभ्यासाच्या दारातून आत गेलेला फोन कुठे पोहोचतो हे त्या दोन आकड्यांत मला दिसले. आता शेवटच्या तासाची पाच मिनिटे राखून मी गृहपाठ फळ्यावर लिहिते आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. गटावर फक्त सुटीची आणि सहलीची सूचना जाते. काही सहकाऱ्यांना हे मागे जाणे वाटले. मला ते वाटत नाही.

अगदी लहान मुलांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे फारसा वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको, कमी असेल तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा टाळावा असेच सांगते. तरीही घास भरवताना फोन समोर धरण्याची सवय घराघरांत आहे. त्या आईला दोष देण्याआधी तिच्या हातून ताट घेणारे दुसरे कोणी घरात आहे का, हे पाहावे. चिऊ-काऊचा घास भरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ पूर्वी घरात चार जणांत वाटला जात असे.

पडद्यावरच्या सर्व गोष्टींना मी एका मापाने मोजत असे. ते आता सोडले आहे. थोरल्याला चित्रफिती जोडून त्यांचा लघुपट करण्याचा छंद लागला आहे. गेल्या गणपतीत त्याने आमच्या गल्लीतल्या मंडळाची आठ मिनिटांची फीत केली. त्यासाठी तो नऊ दिवस रोज तासभर, कधी दोन तास पडद्यापुढे होता. तिथे मी मिनिटे मोजली नाहीत. ती फीत एके दिवशी पूर्ण झाली, त्याने ती सर्वांना दाखवली आणि फोन ठेवून तो झोपायला गेला. बुद्धिबळाचा डाव संपतो, चित्र पुरे होते, घरच्यांनी मिळून पाहिलेला चित्रपट संपतो आणि त्यावर जेवताना भांडताही येते. ज्याला शेवट आहे असे काम पडद्यावर करीत असेल तर मी त्याला मोकळीक देते. ज्याला शेवटच नाही असे काही पाहत असेल तर शेवट आधी ठरवून घेते. “किती वेळ बघणार?” याऐवजी “कुठं थांबणार?” असे मी विचारते. हा दोन-तीन शब्दांचाच फरक आहे, पण पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे तुटक उत्तर असे आणि दुसऱ्याला त्याला खरोखर विचार करावा लागतो.

रात्री फोन खोलीत न नेण्याचा नियम आम्ही सर्वांनी मान्य केला तेव्हा सकाळी उठायचे कसे, अशी अडचण निघाली, म्हणून गावभागातल्या घड्याळाच्या दुकानातून चावीचे गजराचे घड्याळ आणले. त्याचा आवाज इतका मोठा आहे की शेजारच्या काकूही त्याच गजराने उठतात.

दोन वर्षांनी थोरला दहावी उत्तीर्ण होईल आणि कदाचित पुण्याला जाईल. तिथे देवघरातली घंटी नसेल, कोनाडा नसेल, आणि फोन त्याचा स्वतःचा असेल. मागच्या रविवारी तो स्वतःहून म्हणाला की, नववीपासून संध्याकाळच्या दीड तासानंतरची वेळ त्याने स्वतः ठरवावी, आम्ही ती फक्त लिहून ठेवावी, आणि महिन्याच्या शेवटी त्यानेच कितीदा पाळली ते सांगावे. रात्री साडेनऊला फोन ठेवीन, असे त्याचे म्हणणे आहे. मी नऊ म्हटले. त्याचे वडील त्याच्या बाजूने आहेत. अजून ठरलेले नाही. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.